ठकूआक्काच्या हातचं पाणी

कालपासून गारठा वाढला आहे. सकाळी टेम्पोवरचा बंब पेटवला, तर पाणी तापायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पाइपातली पहिली धार जमिनीवर सोडली, दुसरीखाली मनगट धरलं आणि ठकूआक्का आठवली. तशी ती रोजच आठवते, पण थंडीत तिची आठवण लवकर जात नाही. कुणाजवळ बोलायचं म्हटलं तर मला शब्द सापडत नाहीत. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून लिहिते.

आम्ही काचा धुतो. बारामतीत आता कंपन्यांची ऑफिसं, दवाखाने, कॉलेजं, मोठी दुकानं, सगळ्यांना समोरून काचाच काचा असतात. आमचे ठेकेदार विलासशेठ. आधी आम्ही बाया फरशा पुसायचो आणि काचा शिडीवरून गडी पुसायचे. मग शेठनं पुण्याहून काचा धुवायचं यंत्र आणलं. टेम्पोवर पाण्याची टाकी, पाण्यातला खार काढणारा फिल्टर, डिझेलवर पाणी तापवणारी टाकी, लांबलचक पाइप आणि एकात एक सरकणारी काळी काठी. काठीच्या टोकाला ब्रश, आणि ब्रशातूनच पाणी येतं. माणूस जमिनीवर उभा राहून तिसऱ्या मजल्याची काच धुतो. शेठ तापवायच्या टाकीला हीटर म्हणायचे. ठकूआक्का पहिल्या दिवसापासून बंब म्हणाली. महिनाभरात शेठही बंबच म्हणायला लागले.

यंत्र आलं त्या दिवशी शेठनं दोन गडी काठीवर लावले होते. काठी पूर्ण उघडली की वरचं टोक डुलतं. दोघं घामाघूम झाले, आणि ब्रश काचेपेक्षा भिंतीलाच जास्त लागत होता. आम्ही बाया बादल्या घेऊन बाजूला उभ्या होतो. आमच्यातून एक उंच, सावळी, पन्नाशीची बाई पुढं झाली. कळंबहून रोज एसटीनं येणारी ठकूबाई. तिची आमची ओळख आठ दिवसांची.

"आवं पावनं, आदी पाय रोवा, मंग वर बगा," ती म्हणाली. "तुमचं उलटंच चाललंय."

"मावशी, बाजूला व्हा. लागंल डोक्यात."

"मला सांगतुयास? माज्या बापाच्या मेंढरामागं मी बाभळीच्या शेंगा पाडल्यात. ती काठी ह्याच्या दुप्पट जड हुती, आन खाली शंभर मेंढरं तोंड वर करून. आन हिकडं."

तिनं काठी घेतली, पदर खोचला, पाय रोवले. ब्रश काचेवर टेकला तो हललाच नाही. सरळ वर गेला, सरळ खाली आला.

टेम्पो चालवणारा दत्तू मोठ्यानं म्हणाला, "आक्का, जपून. हितं खाली मेंढरं न्हाईत, शेठ उबं हायेत."

"मंग? तोंड तर त्येंनी बी वरच केलंय."

शेठनं पटकन तोंड मिटलं आणि मग स्वतःच हसले. त्या दिवसापासून काठी आक्काची झाली. तिच्यामागं पाइप धरायला मी. पाइप कुठं मुडपू द्यायचा नाही, चाकाखाली येऊ द्यायचा नाही, ती सरकेल तसं सरकायचं, एवढंच माझं काम. बोलावं लागत नाही म्हणून ते मला फार आवडलं.

बंबाला काटा आहे. माझी चौथीपर्यंत शाळा झाली आहे, आकडे वाचता येतात. मी आकडा सांगायची. आक्का ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "त्यो काटा बंबात काय हाय त्ये सांगतुया. काचंवर काय पडतंय, त्येला काय ठावं?"

ते खरंच होतं. पाइप लांब. थंडीत पाणी वाटेतच निवतं. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर पडलेला पाइप पाण्याला आणखी तापवतो. मध्येच काठीचं पाणी बंद करून थांबलं आणि बंब पेटताच राहिला, तर आत अडकलेलं पाणी कढत होतं. ती पहिली धार कुणाच्या अंगावर आली तर कातडी निघेल. म्हणून आक्का पहिली धार कायम जमिनीवर सोडायची. तीही मुंग्या बघून. "सरका गं बायांनू," असं मुंग्यांना म्हणायची आणि पायानं जागा झाडायची. मग डाव्या मनगटाची आतली बाजू धारेखाली धरायची, डोळे मिटायची, आणि "हां" म्हणायची. "हां" आलं की काठी वर. नाही आलं तर थांबायचं. शेठ घाई करत उभे असले तरी थांबायचं.

ही सवय लेकरांच्या अंघोळीची होती. यंत्रावर येण्याआधी कितीतरी वर्षं आक्का वालचंदनगरच्या क्वार्टरांत आणि आसपासच्या गावांत बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायची. पाटावर बसून पाय लांब करायची, पायांवर लेकरू पालथं घ्यायची आणि तांब्यातलं पाणी आधी मनगटावर, मग लेकराच्या पाठीवर. तिथल्या कितीतरी घरांत आई झालेल्या पोरी अशा होत्या, ज्यांना तिनंच जन्मल्यावर न्हाऊ घातलं होतं. "एक बी लेकरू भाजलं न्हाय, एक बी गारठलं न्हाय," असं ती सांगायची. ते सांगताना तिचा आवाज खाली यायचा. बाकी कशाचा तिला गर्व नव्हता. पुढं लोकांनी टब आणले, दवाखान्यातल्या नर्सबाई शिकवतात तशी अंघोळ घालायला लागले, आणि आक्काला बोलावणी येईनाशी झाली. म्हणून ती आमच्यात आली होती. यंत्रावर तिला तिचा हात परत मिळाला, असं मला वाटायचं.

काचेला ती लेकरासारखंच वागवायची. आधी कोमट पाणी, मग ऊन. गारठलेल्या काचेवर एकदम कढत पाणी पडलं की काच तडकते. खालच्या काचेच्या कडांवरून ती आधी बोटं फिरवायची, कुठं टवका उडालेला असेल तर ती काच गार पाण्यानंच करायची. आणि सगळा वेळ बोलत राहायची. "झालं, झालं. कान धू, नाक धू. आता पुसत न्हाय बग तुला." फिल्टरच्या पाण्याला पुसावं लागत नाही, ते आपोआप वाळतं आणि पांढरे डाग पडत नाहीत. ह्याचं तिला शेवटपर्यंत नवल वाटलं. काम संपलं तरी ती दोन मिनिटं उभी राहून काच वाळताना बघायची.

मी बोलत नाही ह्याच्यावर ती फार उखडायची.

"ए सुमे, मागं हायेस का गेलीस लोनीला माहेरी? येवडं गप ऱ्हायलीस तर एक दिस मी पाइप बांदून ठिवीन खांबाला, तुजा पगार खांबाला देतील."

मी हसायची. ती पाठमोरी, तिला ते दिसायचं नाही.

"हसलीस न्हवं? हसलीस तर हसलीस, आवाज तरी कर की गं."

एकदा उसाच्या गाळपाच्या दिवसांत इंदापूरच्या बाजूला एका कारखान्याच्या ऑफिसच्या काचा करायला गेलो. चिमणीची काजळी काचेवर बसते ती नुसती धूळ नसते, चिकट असते. तिथले एक साहेब बाहेर आले आणि म्हणाले, गरम पाणी अजिबात नको, काचा जातील. आक्का "बरं" म्हणाली. तिनं पहिली काच गार पाण्यानं घासली. काजळी निघायच्या ऐवजी पसरली, सगळी काच राखाडी झाली.

"हे काय केलं?" साहेब म्हणाले.

"तुमी सांगितलं त्ये केलं."

मग तिनं मला बंब पेटवायला लावला, धार जमिनीवर सोडली, मनगट धरलं. शेजारची काच आधी कोमट, मग ऊन. काजळी काळ्या ओघळांनी खाली आली आणि काचेत मागचं उसाचं शेत दिसायला लागलं.

"सायेब, तुमच्या घरी कालवनाचं पातेलं गार पान्यानं घासत्यात का?"

"मला काय माहीत? मी कुठं घासतो?"

"त्येच म्हनते मी."

साहेब आत गेले. आम्हाला वाटलं आता तक्रार होणार. थोड्या वेळानं शिपाई आमच्यासाठी चहा घेऊन आला. आक्कानं चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि दत्तूला म्हणाली, "बग, मान्सं बी ऊन पान्यानंच निवळत्यात."

अशी तीन वर्षं गेली. माझ्या आयुष्यातली ती बरी वर्षं. घरी काय चाललं असायचं ते असो, सकाळी आठला टेम्पोजवळ ती उभी असायची, आणि दिवसभर तिच्या पाठीमागं चालायचं एवढंच मला माहीत होतं.

दिवाळीच्या सुमाराला मला पहिल्यांदा शंका आली. चहावाल्यानं स्टीलच्या पेल्यात उकळता चहा दिला. दत्तूनं पेला लगेच खाली ठेवून बोटं झटकली. आक्का तो पेला मुठीत धरून बोलत राहिली. बोलत राहिली, बोलत राहिली. मी तिच्या हाताकडं बघत होते. तळवा लाल झाला होता. दोन-चार दिवसांनी तिच्या मनगटावर फोड दिसला.

"हे कशानं?" मी विचारलं.

"चुलीची वाफ लागली."

दत्तू म्हणाला, "आक्का, साखर तपासून घ्या. माज्या सासऱ्याचं असंच झालं, हातापायाचं काय कळंना झालं."

"कारखान्याच्या गावातली हाय मी. माज्यात साखर नसंल तर कुनात असंल?"

दत्तू हसला. मी हसले नाही. त्या दिवसापासून मी तिचं मनगट बघायला लागले. ती धारेखाली हात धरायची, डोळे मिटायची, पूर्वीपेक्षा जास्त वेळ मिटून ठेवायची, आणि मग "हां" म्हणायची. पण त्या "हां"मध्ये आता विचारल्यासारखं काहीतरी होतं.

मग मी एक करायला लागले. ती हात धरायच्या आधी मी हात धुवायच्या निमित्तानं धारेखाली हात घालायची. पाणी जास्त असलं तर म्हणायची, "आक्का, थांबू या जरा." बरोबर असलं तर हात झटकायची आणि पाइप उचलायची.

"तुला इचारलं का कुनी?" ती म्हणायची. पण थांबायची. मी पाइप उचलला की तिचा "हां" यायचा.

आम्ही दोघी ह्याबद्दल एक शब्द बोललो नाही. तिला कळलं होतं की मला कळलंय, असं मी धरून चालले होते. आणि मनात घोर होता. मोठ्या दवाखान्याच्या काचा करताना खालून सारखी माणसं जायची, कडेवर लेकरं असलेल्या बाया जायच्या. दोरी बांधली तरी लोक दोरी उचलून आत येतात. रोज वाटायचं, आज हिला सांगू. आणि रोज वाटायचं, सांगितलं तर हिच्याजवळ काय उरेल?

जानेवारीत एका मोठ्या कापड दुकानाचं काम होतं. सकाळ फार गार होती. अर्धं काम झाल्यावर चहाला थांबलो, आणि बंब बंद करायचा राहिला. तो मी बंद करायचा होता. माझं लक्ष नव्हतं. चहा झाल्यावर शेठनं मला मागच्या बाजूच्या नळाचं बघायला पाठवलं. मी परत येईपर्यंत आक्का थांबेल असं मला वाटलं होतं.

मी कोपऱ्यावरून वळले तेव्हा तिची धार जमिनीवर सोडून झाली होती आणि तिचं मनगट पाण्याखाली होतं. त्या पाण्यातून वाफा निघत होत्या. थंडीत वाफ कोमट पाण्यालाही येते, पण ही वेगळी होती. मी धावले. ओरडायला पाहिजे होतं. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. तिनं "हां" म्हटलं आणि काठी वर गेली.

काच मोठ्यानं फुटली नाही. नुसता टच्‌ असा आवाज झाला, आणि खालच्या कोपऱ्यातून एक रेघ तिरकी वर निघाली, थांबली, आणि परत निघाली. त्याच वेळी ब्रशातले चार थेंब आक्काच्या खांद्यावर पडले. ती चटका बसून मागं सरली. मग तिनं खांद्याला हात लावला. मग तो हात समोर धरला आणि त्याच्याकडं बघत उभी राहिली. मनगटावरची कातडी सोलली होती. खांद्याला जे चार थेंबांत कळलं, ते हाताला पुऱ्या धारेत कळलं नव्हतं.

मी बंब बंद केला. दुसऱ्या कुणाला लागलं नव्हतं. दुकानातली माणसं बाहेर आली, शेठ आले.

"काच आदीच चिरलेली असंल," आक्का म्हणाली. पहिल्यांदाच ती खाली बघून बोलत होती.

शेठ माझ्याकडं वळले. "सुमन, तू खोटं बोलत नाहीस. काय झालं?"

मी आक्काकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"बंब मी चालू ठेवला, शेठ," मी म्हणाले. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मला तो दवाखाना दिसत होता, त्या कडेवरच्या लेकरांसकट. "आणि आक्काच्या हाताला पाण्याचं कळत नाही. दिवाळीपासनं."

दत्तूनं तोंड फिरवलं.

शेठ ओरडले नाहीत. आधी तिला दवाखान्यात नेलं, हाताला पट्टी बांधून आणली, काचेच्या भरपाईचं आपण बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिला आत फरशीचं काम सांगितलं. काठी माझ्या हातात दिली.

आक्कानं आमचं निळं जाकीट काढलं, एका हातानं नीट घडी केली आणि टेम्पोच्या फळीवर ठेवलं.

"आक्का, कुठं निघाला?" दत्तू म्हणाला.

"गावाला. फरशा पुसायला तिकडून येवडी एसटी करून येऊ का?"

माझ्याशी ती बोलली नाही. स्टँडच्या दिशेनं चालत गेली. मी काठी धरून उभी होते. बायांमध्ये कुजबुज झाली, की मुकी मुकी म्हणता हिनं बरोबर जागा साधली. मी काठी उघडायला लागले. जागा तर मला मिळालीच होती.

वर्षभर तिची काही खबर नव्हती. कळंबला जायचं अनेकदा मनात आलं. जाऊन काय बोलायचं, ते कळत नव्हतं.

मग एकदा वालचंदनगरला काम निघालं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एसटीच्या थांब्यापाशी पाणी प्यायला गेले, तर ती बाकावर बसलेली. वाळली होती. पायात जाड मऊ चपला. मला लांबूनच ओळखलं तिनं.

"ये की," ती म्हणाली. "बोलायला शिकलीस, आन भेटायला न्हाय शिकलीस व्हय?"

मी तिच्या शेजारी बसले.

"जेवलीस?"

"व्हय. तुमी कशा हाय, आक्का?"

"गोळ्या हायेत. भात बंद, गूळ बंद. पायाला जपा म्हनत्यात." मग थोडं थांबून म्हणाली, "नात झाली मला."

"बरं झालं की. अंघोळ..." माझ्या तोंडातून निघून गेलं.

"सून घालती. चांगली घालती. मी टॉवेल घिऊन बसते." तिनं हात मांडीवर उताणे ठेवले होते, मनगटावर पांढरा व्रण दिसत होता. "पानी म्या बगत न्हाय."

रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला.

"शेठला सांगितलंस त्ये बरं केलंस," ती म्हणाली. "कुनाचं लेकरू भाजलं असतं तर मी जित्ती ऱ्हायले नसते. त्येचा राग न्हाय मला."

मी मान हलवली.

"पर सुमे, दिवाळीपासनं ठावं हुतं तुला. मला का न्हाय सांगितलंस?"

"मला वाटलं, तुमाला कळतंय."

"कळत हुतं गं. पर आपलं आपल्याला कळतं त्ये खरं वाटत न्हाय. कुनीतरी म्हनावं लागतं. तू रोज हात घालायचीस धारंत, मला वाटायचं आज म्हनंल, आज म्हनंल. माजं मी सोडलं असतं. तुज्या हातात काठी मीच दिली असती."

मी म्हणणार होते की आक्का, चुकलं माझं. म्हणणार होते की तुमच्यामागं पाइप धरून चालले तेवढंच माझं आयुष्य बरं गेलं. तेवढ्यात एसटी आली. थांब्यावरची माणसं उठली, तीही गुडघ्याला हात देऊन उठली.

"जाते," ती म्हणाली. "नातीचं बारसं हाय पुढल्या हप्त्यात." मला ये म्हणाली नाही, येऊ नको म्हणाली नाही.

दांडा दोन्ही हातांनी धरून ती चढली. हात दांड्यावर बसलेत का, ते डोळ्यांनी बघून मग पाय उचलला. आत जाऊन डावीकडच्या खिडकीशी बसली. मी खाली तिच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिले. काचेवर चिखलाचे शिंतोडे होते, धूळ होती, गाळपाची काजळी होती. आत एक पदर आणि एक तोंड, एवढंच दिसत होतं. तोंड माझ्याकडं होतं की समोर, ते मला कळेना.

मी म्हणाले, "आक्का." ह्या खेपेला मोठ्यानं म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, दोन माणसांनी वळून बघितलं.

गाडीचं इंजिन सुरू होतं. काच सरकली नाही. गाडी वळून कळंबच्या रस्त्याला लागेपर्यंत मी हात वर करून उभी होते. तिनं बघितलं की नाही, ते त्या काचेतून दिसलं नाही.